स्टँडचा फोटो

गेल्या महिन्यात एका मुलीचा मेसेज आला. "सर, तुम्ही बालेवाडीला पुणे एफसीच्या फुटबॉल मॅचचे फोटो काढायचात ना? मला २०१२-१३ च्या सीझनमधला एक फोटो मिळेल का? खेळाडूंचा नको, स्टँडचा हवाय. मी तेव्हा चौथीत होते. बाबांबरोबर यायचे."

सतरा वर्षं खेळांचे फोटो काढतोय. फोटो मागणारे खूप भेटले. कुणाला गोल हवा असतो, कुणाला कप उचलताना हवा असतो, कुणाला मुलाचा शाळेच्या टीममधला. स्टँडचा फोटो आजवर कुणीच मागितला नव्हता. "शोधतो" म्हणालो आणि रात्री जेवण झाल्यावर जुनी हार्डडिस्क लावून बसलो. पहाटे अडीचपर्यंत एकही सापडला नाही.

का सापडला नाही हे मला पहिल्या दहा मिनिटांतच कळलं होतं. आमच्या धंद्यात सामना संपायच्या आत फोटो पेपरच्या डेस्कवर गेलेला लागतो. नव्वद मिनिटांत सातशे-आठशे फ्रेम पडतात, त्यातल्या पंधरा-वीस जातात, बाकीच्या आठवड्याभरात पुसायच्या, कारण डिस्कला पैसे लागतात. म्हणजे जे उरतं ते निवडलेलं असतं. आणि त्या वर्षांत निवडायचा पहिला नियम होता, मागे रिकाम्या खुर्च्या दिसता कामा नयेत. डेस्कवरून फोन यायचा, "टाइट दे रे. मागे कोणी नाही दिसत. सराव सामना वाटतो." असं चार वेळा ऐकल्यावर हात आपोआप शिकतो.

बालेवाडीला ही कसरत फार अवघड होती. ते मुळात ॲथलेटिक्सचं स्टेडियम, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावायचा ट्रॅक. गोलपोस्टशेजारी बसलं की पलीकडचा स्टँड इतका लांब असतो, की शंभर माणसं असली तरी ती विखुरलेल्या ठिपक्यांसारखी दिसतात. तीनशे मिलिमीटरची लांबची लेन्स, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं, म्हणजे मागचं सगळं धूसर होऊन विरघळावं. पण गर्दी विरघळते तशी रिकामी खुर्ची विरघळत नाही. गर्दीचे रंग एकमेकांत मिसळून छान गोधडी होते. रिकाम्या खुर्च्यांच्या मात्र रांगाच्या रांगा ओळखू येतात. मग मी पोटावर झोपायचो, मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचा एकपायी आधार, काढून कॅमेरा गवतापर्यंत खाली आणायचो, म्हणजे खेळाडूच्या मागे आकाश येतं. नाहीतर जाहिरातीच्या फलकासमोर खेळाडू येईपर्यंत थांबायचं. नाहीतर घरी जाऊन कापायचं. मला या कौशल्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू. त्या काळातले माझे बालेवाडीचे फोटो पाहिलेत तर स्टेडियम कधी रिकामं होतं असं कुणालाही वाटणार नाही.

आणि टीम काही वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगतो. पुणे एफसी २००९-१० ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, पहिल्यांदा खेळली आणि थेट तिसरी आली. २०१२-१३ ला चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरी. म्हणजे ही मुलगी ज्या सीझनबद्दल विचारत होती, त्यात पुण्याची टीम देशातली दुसऱ्या क्रमांकाची टीम होती आणि दुपारच्या सामन्याला मी स्टँडमधली डोकी बोटांवर मोजू शकत होतो. प्रेक्षकांचा दुष्काळ टीम हरायला लागली की येतो म्हणतात. आमच्याकडे तो जिंकतानाच होता. कोलकात्याचे मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल आले की हिंजवडीतले बंगाली इंजिनिअर बसा भरून यायचे आणि घरच्या मैदानावर पाहुण्यांचा आवाज मोठा व्हायचा. मुंबईतल्या कूपरेज मैदानाचं काम चालू होतं म्हणून मुंबई एफसीसुद्धा तेव्हा आपले घरचे सामने बालेवाडीलाच खेळायची. मुंबईची टीम, घरचं मैदान दीडशे किलोमीटरवर. त्यांच्या सामन्यांना तर कॅमेऱ्याच्या शटरचा आवाज स्वतःलाच मोठा वाटायचा. खेळाडूंचं बोलणं, "मॅन ऑन", "लीव्ह", गोलकीपरच्या शिव्या, सगळं स्वच्छ ऐकू यायचं.

मी मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे मला हे जास्त लागायचं. आमच्याकडे शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार अशी स्थानिक संघांची मॅच असली की पेठेतली दुकानं लवकर बंद होतात. पायऱ्यांवर बसायला जागा मिळत नाही, पोरं भिंतीवर चढतात. तिथे फोटोग्राफरला गर्दी शोधावी लागत नाही, तीच फ्रेममध्ये घुसते. पुण्या-मुंबईच्या लोकांना फुटबॉल आवडत नाही हे मी कधीच मान्य केलं नाही. २०१४ ला आयएसएल (इंडियन सुपर लीग) आली, तिच्यातल्या एफसी पुणे सिटी या नव्या टीमसाठी हृतिक रोशन आला, आणि त्याच बालेवाडीच्या त्याच खुर्च्या भरल्या. माणसं होतीच. मॅच आहे हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं, आणि सांगायची जबाबदारी ज्यांची होती त्यांना ती कधी महत्त्वाची वाटली नाही. आणि आम्ही छापणाऱ्यांनी काय केलं? भरलेलं असल्यासारखं दाखवलं.

हे मला पहिल्यांदा बोचलं ते १ जून २०१८ ला, अंधेरीत. इंटरकॉन्टिनेंटल कप, भारत विरुद्ध चायनीज तैपेई. भारत पाच-शून्यने जिंकला, सुनील छेत्रीची हॅट्ट्रिक. बासष्टाव्या मिनिटाला त्याचा तिसरा गोल झाला आणि तो धावत वळला. फोकस डोळ्यांवर होता, हात पसरलेले, आयुष्यात चारदोनदा मिळते अशी फ्रेम. आणि मागे रांगाच्या रांगा रिकाम्या. त्या दिवशी स्टेडियममध्ये सुमारे अडीच हजार माणसं होती. देशाच्या राष्ट्रीय संघाचा सामना, मुंबईसारखं शहर, कर्णधाराची हॅट्ट्रिक. मी काय केलं? सवयीने कापलं. छातीपासून वर ठेवलं, डावीकडून क्रॉप घेतला, पाठवून दिलं. चार मिनिटंही लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी छेत्रीने तो व्हिडिओ टाकला. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियममध्ये या, असं त्याने हात जोडल्यासारखं सांगितलं. युरोपातल्या क्लबांचे चाहते असलेल्यांनाही विनवलं. विराट कोहली, सचिन तेंडुलकर सगळ्यांनी ते पुढे पाठवलं. ४ जूनला केनियाविरुद्ध छेत्रीचा शंभरावा सामना होता, तिकिटं संपली. पाऊस असा की मी कॅमेऱ्याला रेनकव्हर आणि त्यावर दुकानातली प्लॅस्टिकची पिशवी बांधली होती, चेंडू डबक्यात अडकत होता, आणि जवळपास नऊ हजार माणसं भिजत उभी राहून ओरडत होती. मध्यंतरापर्यंत गोल नाही. मग छेत्रीची पेनल्टी, तीन मिनिटांत त्याचा सहकारी जेजेचा गोल, आणि अगदी शेवटी छेत्रीचा गोलकीपरच्या डोक्यावरून उचललेला दुसरा. त्या रात्री मी काहीच कापलं नाही. रुंद लेन्स लावून स्टँडच टिपत होतो.

सगळे म्हणाले, काय बदल झाला तीन दिवसांत! मला मात्र गाडीत बसल्यावर एकच डाचत होतं. कर्णधाराला स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन सांगावं लागलं की स्टेडियम रिकामं आहे. हे सांगायचं काम माझं होतं. माझ्याकडे दहा वर्षं पुरावा होता आणि मी तो दर आठवड्याला पुसत होतो.

तरी त्या मुलीचा मेसेज येईपर्यंत मी रिकाम्या खुर्च्यांचाच विचार करत होतो. रिकाम्या खुर्च्यांबरोबर भरलेल्या चाळीस-पन्नासही कापल्या गेल्या, हे डोक्यातच आलं नव्हतं.

अडीच वाजता डिस्क काढणार तेवढ्यात 'टेस्ट' नावाचं फोल्डर दिसलं. माझ्या जुन्या तीनशेच्या लेन्सचा फोकस मागे पडायचा. म्हणून प्रत्येक सामन्याआधी एक-दोन फ्रेम समोरच्या स्टँडवर मारून बघायचो, खुर्चीच्या पाठीवरचा नंबर स्वच्छ येतो का. लेन्स दुरुस्तीला देताना दाखवायला त्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या जशाच्या तशा, फाइल्स तारखेनुसार ठेवल्या होत्या. २०१२-१३ च्या सीझनच्या अकरा निघाल्या.

पहिली उघडली. दुपारचं ऊन, खुर्च्यांचे नंबर लख्ख, आणि त्या नंबरांमध्ये माणसं. शंभर टक्क्यांवर नेऊन मोजली, सदतीस भरली. सामना सुरू व्हायला अर्धा तास होता, म्हणजे ही सगळ्यात आधी येणारी माणसं. मागून चौथ्या रांगेत काळी छत्री उघडून बसलेला एक माणूस, छत्रीच्या सावलीत शाळेच्या गणवेशातली मुलगी, मांडीवर स्टीलचा डबा.

सकाळी पाठवला. तिचा लगेच फोन आला, मला काही बोलूच देईना. "सर, हे आम्हीच. शनिवारी शाळेतून थेट यायचो, डबा तिथेच खायचे. आणि पहिल्या रांगेतले ते खडकीचे काका, ते स्वतः खेळलेले, मला ऑफसाइड त्यांनीच समजावलं. त्यांच्या बाजूला टोपीवाले, ते सगळ्यांना शेंगदाणे द्यायचे. ते दोघं भाऊ पिंपरीहून सायकलवर यायचे." ती एकेक रांग घेत होती आणि मी स्क्रीनवर बोट ठेवून ऐकत होतो. सदतीसपैकी एकवीस जणांबद्दल तिला काही ना काही ठाऊक होतं. जवळजवळ प्रत्येक सामन्याला मी त्यांच्या समोरच, ट्रॅकच्या अलीकडे बसलेलो असायचो. मला एकही चेहरा ओळखता आला नाही.

ती आता कॉलेजच्या टीमकडून खेळते, डाव्या बॅकला. बाबांना मोठी प्रिंट करून द्यायची म्हणाली. मग विचारलं, "अजून आहेत का?"

अकराही फ्रेम त्या दिवशी नीट पाहिल्या. सातांमध्ये तीच माणसं, जवळपास त्याच जागांवर. उरलेल्या चारांत ऊन थेट लेन्सवर आलंय, स्टँड पांढुरका झालाय, माणसांच्या फक्त कडा दिसतात. त्या काही कामाच्या नाहीत म्हणून तिला कळवलं. तिला त्याही हव्या आहेत.