घोड्यांचे सांधे आणि पावडरीचे डबे

घोडे पाळणाऱ्या मंडळींकडून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. घोडा अजून तरुण आहे, पाय स्वच्छ आहेत, कुठे लंगडत नाही. मग पुढे संधिवात होऊ नये म्हणून सांध्यांची पावडर आतापासूनच सुरू करावी का? माझे मत असे आहे की, निरोगी घोड्याला संधिवातापासून वाचवण्यासाठी ही पावडर देण्याला आज पुरेसा आधार नाही, आणि तिच्यावर दरमहा होणारा खर्च नालबंदाकडे आणि चंदीकडे, म्हणजे घोड्याच्या दाण्या-खुराकाकडे, वळवला तर त्याच घोड्याचे अधिक भले होते. हे सविस्तर मांडावेसे वाटते, कारण ही पावडर विकत घेणारे लोक बहुधा आपल्या जनावरावर मनापासून माया करणारे असतात आणि त्यांच्या त्या मायेचा उपयोग घोड्याला व्हायला हवा.

घोड्याचा संधिवात बहुतेक वेळा झिजेचा, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस या प्रकारचा असतो. सांध्यातील हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि त्या थरात रक्तवाहिन्या नसतात. त्याचे पोषण सांध्यातील वंगणद्रवातून होते, तेही चालताना दाब पडतो आणि सुटतो त्यामुळे. म्हणूनच एकदा झिजलेली कूर्चा पूर्ववत भरून येत नाही, आणि म्हणूनच आधीपासून काळजी घेण्याची इच्छा अगदी योग्य आहे. पावडरीत ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन सल्फेट हे घटक बहुधा असतात, कारण कूर्चेच्या बांधणीत त्यांचा वाटा असतो. जे झिजते तेच खाऊ घालावे, हा तर्क पटण्यासारखा आहे. परंतु तोंडावाटे दिलेल्या ग्लुकोसामाइनपैकी घोड्याच्या रक्तापर्यंत पोहोचणारा भाग मोजमापांत 2 ते 6 टक्क्यांच्या आसपास आढळला आहे, आणि सांध्यातील द्रवात उतरणारे प्रमाण त्याहूनही कमी आहे. प्रयोगशाळेत कूर्चेच्या तुकड्यांवर ज्या मात्रेने परिणाम दिसतो, तिच्या जवळपासही ते जात नाही.

नेदरलँड्समध्ये 24 वयस्कर घोड्यांवर झालेला आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला या बाबतीत महत्त्वाचा वाटतो. काही घोड्यांना तीन महिने ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन आणि एमएसएम (गंधक असलेले एक संयुग) यांचे मिश्रण देण्यात आले, इतरांना तसेच दिसणारे पण औषधी घटक नसलेले खाद्य देण्यात आले, आणि चालीतील ताठरपणा कमी झाल्याचे मिश्रणाच्या बाजूने काही सिद्ध झाले नाही. कॅनडातील संशोधकांनी 2006 मध्ये बाजारातील 23 पावडरी तपासल्या, तेव्हा त्यांपैकी 9 पावडरींत लेबलवर लिहिलेल्यापेक्षा कमी ग्लुकोसामाइन निघाले. न्यूझीलंडच्या हिरव्या शिंपल्यांच्या अर्कासारख्या एखाद्या पदार्थाचे निष्कर्ष थोडे आशादायक आहेत, हे सांगणे न्याय्य ठरेल. पण तो अर्क आधीच लंगडणाऱ्या घोड्यांना दिला होता. निरोगी शिंगराला वर्षानुवर्षे पावडर दिल्याने संधिवात टळला, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आता सांधे ज्यामुळे खरोखर झिजतात, त्याकडे वळू. घोड्याच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि स्वाराच्या वजनाची त्यात भर पडते. कठीण जमिनीवरचा प्रत्येक आघात खुरातून वरच्या सांध्यांत जातो. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने पर्यटकांची ने-आण घोड्यांवरून होते, आणि तिथल्या लाल मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा घोडे घसरतात ही अश्वपालांची तक्रार होती. रस्ते कसे असावेत हा वाद अनेक बाजूंचा आहे; घोड्याच्या पायांपुरते बोलायचे तर मऊ मातीची वाट आणि गुळगुळीत कठीण उतार यांतील फरक कोणत्याही डब्याने भरून निघणार नाही.

याहून अधिक खंत वाटते ती लग्नाच्या वरातीत नाचवल्या जाणाऱ्या घोड्यांबद्दल. डांबरी रस्त्यावर, ढोलताशाच्या गजरात, मागच्या दोन पायांवर पुन्हा पुन्हा उभ्या केल्या जाणाऱ्या घोड्याच्या हॉकच्या सांध्यांवर, म्हणजे मागच्या पायाच्या मधल्या मोठ्या सांध्यांवर, जो ताण येतो तो निसर्गाने त्यांच्यासाठी योजलेला नाही. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दत्तजयंतीच्या सुमारास देखणे मारवाडी आणि काठियावाडी घोडे पाहताना मन हरखून जाते. पण त्यांतले काही शिंगरू वयातच नाचाला आणि स्वारीला लावले जातात. घोड्याच्या पुढच्या गुडघ्याच्या वर असलेल्या हाडाची वाढीची रेषा, म्हणजे जिथून हाड लांबीला वाढते तो पट्टा, दोन-अडीच वर्षांच्या सुमारास बंद होते आणि पाठीच्या मणक्यांना त्याहूनही बराच अधिक काळ लागतो. एवढे एक वर्ष थांबण्याला काहीच पैसे लागत नाहीत, आणि तरीही तेच सर्वांत कठीण जाते.

खुरांचे काम दर सहा ते आठ आठवड्यांनी व्हायला हवे. पुढे वाढलेला खूर आणि बसलेली टाच पायाचा कोन बिघडवतात आणि खुराच्या आतल्या सांध्यावर अवेळी ताण आणतात. खाण्याच्या बाबतीत गव्हाच्या कोंड्याचा उल्लेख करायलाच हवा, कारण आपल्याकडे तो घोड्यांना सढळ हाताने दिला जातो. कोंड्यात कॅल्शियमच्या सुमारे दहापट फॉस्फरस असतो, आणि हे असंतुलन दीर्घकाळ राहिले तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेते. असा घोडा लंगडू लागला की सांध्यांचा विकार समजून पावडर आणली जाते, पण दोष चंदीच्या टोपलीत असतो. जवसाबद्दलही विचारणा होते. जवसातील ओमेगा-3 घोड्याच्या शरीरात माशांच्या तेलातील उपयुक्त रूपात फारच थोडे बदलते, त्यामुळे त्याने अंगाला तकाकी आली तरी सांध्यांसाठी फार अपेक्षा ठेवू नये. अनावश्यक वजन मात्र निश्चितपणे कमी करावे.

ज्या घोड्याला संधिवात झालेलाच आहे, त्याच्यासाठी पहिले पाऊल म्हणजे पशुवैद्याकडून नेमका सांधा ओळखून घेणे. वेदनाशामक औषध स्वतःच्या मनाने देऊ नये. औषध दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन झालेल्या गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक भारतात 2006 पासून बंद आहे, आणि पुढे 2023 मध्ये अॅसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेनही बंद झाले. सांध्यात किंवा स्नायूत द्यायची इंजेक्शने ही पावडरीपेक्षा पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे, आणि तो निर्णय पशुवैद्याचाच असावा. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी पावडरीतील वनस्पतींची नावेही वाचावीत. डेव्हिल्स क्लॉ या वनस्पतीतील हार्पागोसाइड हा आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या स्पर्धांत नियंत्रित पदार्थ आहे.

तरीही अशा घोड्याला पावडर देऊन पाहायची असेल, तर सुरू करण्यापूर्वी एका ठरावीक सपाट, कठीण जागेवर त्याची दुडकी चाल बाजूने आणि समोरून चित्रित करावी, त्या काळात नाल, काम आणि चंदी यांत काही बदल करू नये, आणि तीन महिन्यांनी त्याच जागेवर पुन्हा चित्रण करावे. दोन्ही चित्रफिती आधीची कोणती आणि नंतरची कोणती हे न सांगता एखाद्या जाणकाराला दाखवाव्यात. त्याला फरक दिसला नाही, तर डबा बंद करावा.