तेरा अक्षरांची पट्टी

एप्रिलमधली गोष्ट. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीची तोंडी परीक्षा, बाहेरून आलेले परीक्षक आणि अमळनेरकडच्या उन्हाने सकाळी दहालाच तापलेली प्रयोगशाळा. अशा दिवशी निम्मा वेळ जर्नलवर सह्या करण्यात आणि पाहुण्यांचं जेवण वेळेवर येतंय का ते बघण्यातच जातो.

परीक्षक सरांनी एका मुलीला विचारलं, "एमएचसी क्लास वनवर किती लांबीचा पेप्टाइड बसतो?" एमएचसी हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन; ते पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, खाचेत धरून रोगप्रतिकारक टी पेशींना दाखवतं. त्याचे क्लास वन आणि क्लास टू असे दोन प्रकार.

"बहुतेक आठ ते दहा अमिनो आम्लांचा," ती म्हणाली, "पण त्याहून लांबही बसतात. एपस्टाइन-बार विषाणूचा एक तेराचा आहे."

"तेरा म्हणजे क्लास टू. पुढचा प्रश्न."

दहापैकी चार गुण. उत्तर बरोबर होतं. मीच शिकवलं होतं, आणि मी सरांच्या शेजारच्याच खुर्चीत होते.

फेब्रुवारीत हेच समजावायला मी केळीच्या सोपटाची ओली पट्टी वर्गात नेली होती. पट्टी म्हणजे पेप्टाइड, आणि शाडूच्या दोन वळ्या समांतर ठेवल्या की मधली खाच म्हणजे एमएचसी. क्लास टूची खाच दोन्ही टोकांना उघडी, म्हणून लांब पेप्टाइड दोन्हीकडून बाहेर लोंबतो. क्लास वनची टोकं बंद. मग जास्तीची लांबी जाणार कुठे? पट्टीवर स्केचपेनने एकेका अमिनो आम्लाचं एकेक अक्षर लिहिलं ते याच मुलीने: एल-पी-ई-पी-एल-पी-क्यू-जी-क्यू-एल-टी-ए-वाय. दुसऱ्या जागेवरचं पी आणि शेवटचं वाय तिने अंगठ्याने खाचेत दाबलं, आणि मधली पट्टी कमान होऊन वर उठली. मागच्या बाकांवरची मुलंही उठून बघायला आली.

टी पेशीचा रिसेप्टर, म्हणजे तिच्यावरचं ओळख पटवणारं प्रथिन, एरवी पेप्टाइड आणि खाचेच्या दोन्ही कडा एकदमच चाचपतो. मध्ये एवढी कमान आल्यावर तो काय करतो? 2005 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी स्फटिकरचना काढून दाखवलं, की एसबी27 नावाचा रिसेप्टर एचएलए-बी*3508 (एचएलए म्हणजे माणसातला एमएचसी) वरच्या या कमानीवरच बसतो, एमएचसीला जेमतेम शिवतो आणि कमान जवळपास तशीच राहते. 2007 ची रचना त्याच्या अगदी उलट. याच साखळीतली पहिली दोन अक्षरं गाळून उरलेला अकराचा पेप्टाइड एचएलए-बी*3501 वर फुगवटा धरून बसतो, आणि ईएलएस4 हा रिसेप्टर तो फुगवटा दाबून सपाट करतो. या दोन एचएलएंमध्ये फरक एकाच अमिनो आम्लाचा, 156 व्या जागेवरच्या. हे शिकवताना दर वर्षी माझ्या अंगावर काटा येतो.

आपल्याकडे परीक्षक ठरलेलं उत्तर डोक्यात घेऊन येतात. मुलीने आधी "बहुतेक" म्हटलं होतं. तो शब्द त्यांनी ऐकलाच नाही. आणि नोट्सच्या स्वस्त पुस्तकांतून तो शब्द कधीच गळून गेलाय.

संध्याकाळी ती स्टाफरूमच्या दाराशी आली. "मॅडम, मन्हं काय चुकनं?"

"काहीच नाही."

"मग तुम्ही का नाही बोलल्या?"

पाहुणे, वयाने मोठे, भरल्या खोलीत कसं खोडायचं, असं काहीतरी तोंडाशी आलं होतं, पण तिच्यासमोर बोलवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सरांना दोन्ही रचनांच्या आकृत्या काढून सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर आलेलं नाही. गुण त्याच संध्याकाळी ऑनलाइन भरले गेले होते. गुणपत्रकावर त्यांच्या सहीखाली माझी सही आहे.