तुम्ही विचारलंत म्हणून : पॅरिस झालं, आता एखादं खेडं सांगा

बोर्दोला राहायला आल्यापासून एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. पॅरिस बघून झालं, दोन दिवस हाताशी आहेत, फ्रान्समधलं एखादं जुनं खेडं सांगा. माझं उत्तर ठरलेलं आहे : ब्रुआज. त्यावर नकाशा उघडून बसलेले लोक म्हणतात, अहो, तिथे तर चहूकडे दलदल दिसतेय, त्यात बघायचं काय? याचं उत्तर फोनवर धड देता येत नाही, म्हणून लिहितेय.

ब्रुआज अटलांटिकच्या किनाऱ्याजवळ, रॉशफोर आणि मारेन या गावांच्या मधे आहे. भोवती चौकोनी तट, साधारण दोन किलोमीटर लांबीचा. सात बुरूज, आणि बुरुजांच्या टोकांवर पहारेकऱ्याला उभं राहण्यापुरत्या दगडी छत्र्या. आत सरळ आखलेल्या गल्ल्या, बुटकी घरं, एक चर्च. गाडीरस्ता तटाच्या एका बाजूनं आत शिरतो आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतो, त्यामुळे न थांबता गेलात तर गाव आलं कधी नि गेलं कधी कळत नाही. तटावर चढलं की नजर पोचेल तिथवर ओली, हिरवी, सपाट जमीन. समुद्र मात्र कुठे दिसत नाही.

आणि हे तर बंदर होतं! 1555 साली जाक द पाँ नावाच्या सरदारानं ते वसवलं आणि स्वतःच्या नावावरून त्याला जाकोपोलिस म्हटलं. जहाजं यायची ती मिठासाठी. उत्तर युरोपात मासे खारवायला मीठ हवं, पण तिथल्या उन्हात ते पिकत नाही. रिकामी येणारी जहाजं तोल राहावा म्हणून तळाशी दगड भरून आणायची, ते इथे उतरवायची आणि मीठ भरून परत जायची. त्या दगडांच्या भरावावरच हे गाव उभं राहिलं. नाहीतर या चिखलात भिंत कशी टिकणार?

पुढे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या धर्मयुद्धांत गाव या हातातून त्या हातात गेलं. 1586 मध्ये ला रोशेल या जवळच्या बंदरातल्या प्रोटेस्टंटांनी दगडांनी भरलेली जहाजं खाडीच्या तोंडाशी बुडवली, ब्रुआजचा धंदा बंद पाडायला. नंतर राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशेल्यूनं 1630 ते 1640 या काळात आज दिसते ती तटबंदी बांधून घेतली. शिवाजी महाराज जन्मले तेव्हा हे काम नुकतं सुरू होत होतं, असं मी आपल्या पाहुण्यांना सांगते. मग तो काळ त्यांच्या चटकन डोळ्यांसमोर येतो. धान्य आणि दारूगोळ्याची कोठारं बांधली गेली, पिंपं बनवणारे कारागीर आले, सैन्य आलं. पण गाळ येतच राहिला. 1666 मध्ये राजाचं नवं आरमारी केंद्र जवळच्या रॉशफोरला सुरू झालं आणि ब्रुआज मागे पडलं. राज्यक्रांतीच्या वेळी तर इथे कैदी ठेवले होते, नव्या राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार देणारे धर्मगुरू.

जुन्या बंदराच्या बाजूनं तटाला अगदी चिकटून चाला. दगडात जहाजं कोरलेली आहेत. डोलकाठ्या, शिडं, दोर, कुणीतरी टोकदार हत्यारानं उभ्या उभ्या कोरलेले. कुणी कोरली त्यांची नावं नाहीत. पाठीमागे गवत चरणाऱ्या गाई आणि समोर दगडातलं जहाज : मला विचाराल तर साऱ्या ब्रुआजमध्ये बघायची पहिली गोष्ट हीच.

बहुतेक पर्यटक तटावर एक फेरी मारतात, फोटो काढतात आणि निघतात. मला याचं वाईट वाटतं. कारण खरा इतिहास तटाच्या बाहेर पसरलाय. माझं माहेर उरणचं. मिठागरं बघत मोठी झाले. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत घ्यायचं, एका कप्प्यातून दुसऱ्यात खेळवत आटवायचं, हे आमच्याकडच्या आगरी घरांत लहान पोरालाही माहीत. म्हणून इथल्या तटावर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा ती दलदल मला दलदल वाटलीच नाही. मला बांध दिसले. गवताखाली गेलेले, अंग मोडलेले, पण ओळीनं चालत गेलेले मातीचे बांध, आणि त्यांच्या मधे पाण्याचे चौकोन. हे सगळं माणसांनी फावड्यानं केलेलं आहे. मध्ययुगापासून शेकडो वर्षं. निसर्गसौंदर्य म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो ती मजुरांची मेहनत आहे.

मीठ थांबल्यावर या पाण्याचे हाल झाले. कप्पे तुंबले, डास माजले, हिवतापानं माणसं मरू लागली. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात मारेनला ल तेर्म नावाचा सरकारी अधिकारी आला. त्यानं जमीनमालकांना एकत्र बांधलं, पाट उपसून घेतले, पाणी वाहतं ठेवण्याचे नियम लावले. मिठागरांची कुरणं झाली ती त्यामुळे. आजही गाईंना इथे फारशी कुंपणं लागत नाहीत, भोवतीचा पाट पुरतो. राजा-कार्डिनलांपेक्षा मला या माणसाचं काम मोठं वाटतं, पण मार्गदर्शकांच्या गोष्टीत तो शेवटी घाईघाईनं येतो.

त्यांच्या गोष्टीत आधी येते मारी मांसिनी. कार्डिनल माझारँची ही भाची, चौदाव्या लुईचं तिच्यावर मन जडलेलं. राजाचं लग्न स्पेनच्या राजकन्येशी ठरत होतं म्हणून 1659 मध्ये तिला इथे आणून ठेवलं. पुढच्या वर्षी लग्न करून परतताना राजा वाट वाकडी करून ब्रुआजला येऊन गेला, तेव्हा ती इथे नव्हती. दुसरी गोष्ट साम्युएल द शाम्प्लँची. 1608 मध्ये क्वेबेक वसवणारा हा दर्यावर्दी इथलाच मानतात, म्हणून चर्चच्या रंगीत काचांवर त्याची आणि नव्या फ्रान्सची, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या फ्रेंच वसाहतीची, कथा आहे आणि कॅनडाची माणसं इथे आवर्जून येतात.

कधी जावं? मे-जूनमध्ये. करकोच्यांची पिल्लं तेव्हा घरट्यात असतात. उंच खांबांवर काटक्यांचा ढीग, आणि आई-बाप उतरले की चोचींचा टकटकाट. उथळ पाण्यात लांब लाल पायांचा शेकाट्या दिसेल. ठाण्याच्या खाडीत दिसतो तोच. दुर्बीण जरूर घ्या. आणि डासांचं मलम घ्या, संध्याकाळी त्याशिवाय तटावर उभं राहवत नाही.

आणि जायचं तर लवकर जा, त्यालाही कारण आहे. फेब्रुवारी 2010 मध्ये क्सिंथिया वादळात या किनाऱ्यावर समुद्र बांध ओलांडून आत आला होता. पाणी वाढतंय, आणि कुठला बांध राखायचा, कुठली जमीन समुद्राला परत द्यायची, हा प्रश्न या सखल किनाऱ्याला टळणारा नाही. कोकणातल्या खारभूमीत हाच प्रश्न आहे. आज दिसतात तशी ही कुरणं पुढच्या पिढीला दिसतीलच असं मी कुणाला सांगत नाही.

जेवायला मारेनला जा. तिथली कालवं जुन्या मिठागरांच्याच तळ्यांत शेवटचे काही आठवडे ठेवतात. त्या पाण्यात एक निळं सूक्ष्म शेवाळ वाढतं आणि त्यानं कालवाला हिरवी झाक येते. ती खराबीची खूण समजून परत करू नका, मुद्दाम तिच्यासाठी लोक जास्त पैसे मोजतात. शाकाहारी असाल तर डबा बरोबर असू द्या, गावात पर्याय थोडे. ला रोशेलहून रॉशफोरपर्यंत रेल्वे आहे. पुढे गाडी नसेल तर सायकल घ्या. रस्ता जवळजवळ सपाट आहे, पण समुद्राकडून येणारा वारा समोर असला तर वेळ भरपूर धरा.