‘महाना’ म्हणजे महान नव्हे: लिकियातले दोन दिवस

तुर्कस्तानातल्या फेथियेच्या संग्रहालयात पोचायच्या आधीच नवऱ्याने घोटाळा करून ठेवला होता. नाश्त्याच्या टेबलावर मी सहज बोलून गेले, की इथल्या, म्हणजे प्राचीन लिकिया प्रांतातल्या, जुन्या लिकियन भाषेत देवाला ‘महाना’ म्हणत. माझा चहा संपेपर्यंत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज गेलासुद्धा: ‘तुर्कस्तानात अडीच हजार वर्षांपूर्वी देवाला महान म्हणायचे! आपलाच शब्द!!’ मामांचं उत्तर लगेच: ‘मला वाटलंच होतं.’ खाली अंगठ्यांची रांग.

‘अरे, पुढचं ऐकायचं तरी,’ मी म्हटलं.

‘पुढे काय? महान म्हणजे महान.’

पुढचं सांगायला मला ती शिळा समोर हवी होती. या सहलीआधी दोन महिने मी लिकियन व्याकरण चाळत होते, आणि त्या सगळ्या उद्योगाच्या मुळाशी हीच शिळा आहे. १९७३ मध्ये लेतून इथल्या देवळांजवळ फ्रेंच उत्खननात ती सापडली. रुंद बाजूंपैकी एकीवर लिकियनच्या ४१ ओळी, दुसरीवर ग्रीकच्या ३५, आणि मधल्या अरुंद बाजूवर इराणी साम्राज्याच्या कारभारातल्या अरामाईक भाषेच्या २७. मजकूर तिन्हीकडे साधारण एकच. काळ इ.स.पू. चौथं शतक; नेमकं साल ३३७ की ३५८ यावर अभ्यासकांची अजून भांडणं चालू आहेत. ग्रीक आधीच वाचता येत होतं, त्यामुळे कितीतरी लिकियन शब्दांचे अर्थ या एका दगडाने उलगडले.

लेख आहे अगदी व्यवहाराचा. जवळच्या क्सान्थोस शहराच्या नागरिकांनी दोन देवांसाठी नवी वेदी उभारली, पुजारी नेमला, जमीन लावून दिली. दर अमावास्येनंतरच्या नव्या चंद्राला मेंढा, वर्षातून एकदा बैल. पुजाऱ्याला शब्द आहे ‘कुमाझा’. लुवियन या त्याहून जुन्या भाषेतल्या, पवित्र या अर्थाच्या ‘कुम्म’ शब्दाच्या कुळातला. ‘दर महिन्याला’ म्हणताना तर ते शब्द सरळ दोनदा लिहितात, ‘नुरेदी नुरेदी’. आपण महिन्यामहिन्याला म्हणतो तसंच. हे मी नवऱ्याला मुद्दाम सांगितलं नाही. ग्रुप होताच.

आता ‘महाना’. लिकियनची थोरली नातलग म्हणजे लुवियन. तिचे मंत्र हित्ती या जुन्या साम्राज्याच्या राजधानीतल्या मातीच्या पाट्यांवर सापडतात, लिकियन शिलालेखांहून हजारेक वर्षं आधीचे. तिथे देव म्हणजे ‘मस्सनि’. दोन स्वरांमधल्या ‘स’चा लिकियनने ‘ह’ केला, एवढंच. आपल्याला हे नवं नाही: सप्त आणि गृहकर्जाचा हप्ता, सिंधू आणि हिंदू, हा खेळ आपण रोज तोंडाने खेळतो. लिकियन थडग्यांवर ‘एनी महानाही’ अशी एक देवी भेटते, म्हणजे देवांची आई. त्या ‘महानाही’मधले दोन्ही ‘ह’ मुळात ‘स’. लुवियनमध्ये हेच रूप ‘मस्सनस्सि’ असं आहे. आणि लिकियनचीच एक जुनाट वळणाची बहीण, मिलियन, हिने तो ‘स’ तसाच ठेवला. तिच्यात देव म्हणजे ‘मसा’.

आपल्या ‘महान’मधला ‘ह’ कुठल्या ‘स’मधून आलेला नाही. महत्, मग ग्रीक ‘मेगास’, असं त्याचं घराणं. म्हणजे दोघांचे चेहरे सारखे, पण नातं शून्य. खुद्द ‘मस्सनि’च्या मागे कोणता धातू, यावर एकमत नाही. गंमत अशी, की आपल्या ‘देव’ शब्दाचा खरा भाऊ या मुलुखात होता. हित्ती लोक देवाला ‘शिउश्’ म्हणत. द्यौः, देव, ग्रीकांचा झ्यूस, सगळे त्याच मुळाचे. लुवियन लोकांनी ते मूळ सूर्यदेवासाठी वापरलं, ‘तिवत्’ या नावात, आणि देवासाठी निराळाच शब्द धरला. तोच लिकियनमध्ये आला.

नवरा ऐकत होता, पण डोळे अरामाईक बाजूवर. माहितीपत्रक वाचून त्याने मला कोपराने ढोसलं. ‘इथे ग्रीक देव अपोलोच्या जागी कुणाचं नाव आहे बघ.’

मला माहीत होतं आणि मी घाबरतच होते. तिथे आहे ‘क्षथ्रपति’, इराणी देवनाम. राज्याचा, सत्तेचा स्वामी. संस्कृतात शब्दशः क्षत्रपति.

‘छत्रपती!’

‘नाही. छत्रपतीतलं छत्र म्हणजे छत्री. हे क्षत्र, म्हणजे सत्ता. नाशिकच्या लेण्यांमधला नहपान क्षत्रप आठवतो? तो शब्द या घरातला.’

त्याने फोन खिशात ठेवला. मला त्याची थोडी दया आली, म्हणून एक खरा नातलग काढून दिला. लिकियनमध्ये घोडा म्हणजे ‘एस्बे’. कानाला काहीच ओळखीचं लागत नाही, पण हा मात्र आपल्या ‘अश्व’चा सख्खा भाऊ आहे. गाय म्हणजे ‘उवा’, तीही आपल्या ‘गो’ची बहीण, फक्त पहिलं व्यंजन झिजून गेलेलं.

‘उवा,’ तो म्हणाला. ‘हे मी ग्रुपवर टाकणार नाही.’

दुसऱ्या दिवशी दोल्मुशने कुमलुओवाला गेलो. दोल्मुश म्हणजे आपली वडापच. भरली की निघते. शेवटचा पट्टा टोमॅटोच्या हरितगृहांमधून, दोन्ही बाजूंना प्लास्टिकच प्लास्टिक, आणि त्यातच अचानक लेतून. शेजारी शेजारी तीन देवळांचे पाये: आई लेतो आणि तिची जुळी, आर्तेमिस व अपोलो. एप्रिल होता, खालची अर्धी जागा पाण्यात. खांबांचे तुकडे बुडालेले, त्यांवर कासवं उन्हं खात पडलेली. आणि बेडूक! इतके, की एकमेकांशी मोठ्याने बोलावं लागत होतं. तान्ही जुळी घेऊन तहानलेली लेतो इथे आली, गावकऱ्यांनी तळं ढवळून पाणी गढूळ केलं, तेव्हा तिने त्यांचे बेडूक केले, अशी जुनी कथा आहे. पटायला काही कष्ट पडत नाहीत.

शिळेच्या शेवटी शापवाणी आहे; हे दान जो मोडेल तो या देवतांचा अपराधी. आपले गधेगाळ हे शिलालेखही याच कामाचे, भाषा मात्र त्यांची फारच सैल. इथल्या यादीत ग्रीक मजकूर सरळ लेतोचं नाव घेतो. लिकियन मजकूर नाव घेतच नाही. तो म्हणतो ‘एनी क्लाही एबियेही’: या आवाराची आई. पुढे ‘आणि तिची लेकरं’. पुढे ‘आणि एलियाना’. ग्रीकमध्ये त्या जागी निम्फा, पाण्याच्या देवता.

आमच्या आजोळच्या विहिरीवर शेंदूर फासलेले सात दगड होते. साती आसरा, पाण्यातल्या देवता. भर दुपारी विहिरीत वाकून बघायचं नाही, मोकळ्या केसांनी तर नाहीच, असा आजीचा दंडक. ‘एलियाना’ची ‘आसरा’शी सोयरीक जुळत नाही, आसरा अप्सरांच्या घरातल्या. तसला मेसेज मी कुणाला पाठवणार नाही.

नवरा काठावर उकिडवा बसून कासवाला बोलावत होता. मी जवळ गेले तसे आमच्या बाजूचे बेडूक एकदम गप्प झाले. पाणी स्वच्छ, तळाशी कोरीव दगडाची एक कड दिसत होती. हात घालून चाचपावीशी वाटली. घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं. मी केस बांधले आणि दोन पावलं मागे सरले.