तुम्ही विचारलंत म्हणून: प्लॅन कोणी काढला?

मुळशीत आमच्या शेतावर जी छोटी खोली आहे ती बघायला पुण्याहून कोणीही आलं की हमखास विचारतं, जुन्या सामानात बांधलीत ते कळलं, पण प्लॅन कोणी काढून दिला? कोणी नाही हो, सामानानेच काढला. आधी सामान जमवलं आणि मग जागेवर दोरी मारली.

सदाशिव पेठेत एक वाडा पाडत होते, तिथून सागवानी तुळया आणि एक दार चौकटीसकट मिळालं. तुळया ११ फुटी, दोन्ही बाजूंना भिंतीवर अर्धा अर्धा फूट टेकवायच्या, म्हणजे खोली आतून १० फूट रुंद, विषय संपला. लोक नेमकं उलटं करतात, आधी फोटो बघून १२ फूट ठरवतात, मग तेवढं लाकूड शोधत हिंडतात आणि नाही मिळालं की नवीन लोखंड आणतात, मग जुन्याचा फायदा काय राहिला? वास्तुविशारद लॉरी बेकर केरळात मोडलेल्या घरांची दारं-खिडक्या नव्या घरांना लावायचे, ते मला म्हणूनच फार पटतं.

तुळई घेताना टोकं बघा. भिंतीत असलेलं टोक आधी सडतं, वाळवीही बरेचदा तिथूनच शिरते. स्क्रू ड्रायव्हर टोचायचा, भसकन आत गेला तर तेवढं कापून उरेल ती लांबी धरायची. आणि रंधा मारायच्या आधी लाकडावरून लोहचुंबक फिरवा, आत मोडलेले खिळे असतातच.

कौलांचं जरा नीट सांगते कारण मुळशीचा पाऊस. मंगलोरी कौलं सगळी दिसतात सारखी पण दोन कारखान्यांच्या खाचा एकमेकांत बसतीलच असं नाही, म्हणून मागचा शिक्का बघून एकाच छापाची घ्यायची. रिपा म्हणजे कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या, त्यांच्यामधलं अंतरही कौलांनाच विचारायचं. दहा कौलं जमिनीवर खाचेत खाच घालून, छपराच्या उतारावर बसतात तशी एकाखाली एक मांडा, पहिल्याच्या वरच्या कडेपासून दहाव्याच्या वरच्या कडेपर्यंत एकदा ताणून मोजा, एकदा चेपून मोजा, मधलं माप धरा आणि त्याला नऊने भागून एका कौलाचं काढा. तेवढ्यावर रिपा ठोकल्या की कौलं हाताने आपोआप बसत जातात, काय समाधान वाटतं म्हणून सांगू!

हत्यारं म्हणाल तर करवत, रंधा, पटाशी, पहार, ओळंबा, बहुतेक सगळी जुन्या बाजारातली. लेव्हलला पारदर्शक नळीत पाणी भरलं की झालं, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. कोपरा काटकोनात आहे का बघायला एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट खूण करायची, दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट यायला हवं.

वायरिंग मात्र सगळं नवीन घ्या. जुनी वायर फुकट मिळाली तरी नको, तिचं वरचं प्लॅस्टिक कडक होऊन तडकलेलं असतं आणि आपलं छप्पर लाकडाचं आहे.