उजवीकडून उघडणारी मराठी पुस्तकं

गोव्यात ज्यूंशी संबंधित दुर्मीळ ग्रंथांचा विषय निघाला की पहिलं नाव येतं गार्सिया द ओर्ताचं. बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यू घराण्यातला हा वैद्य. त्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादरूप ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. 1568 मध्ये तो वारला, पुढच्याच वर्षी इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याच्या बहिणीला जाळलं आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. त्याचं पुस्तक छापणाऱ्या मुद्रकानंच 1565 मध्ये ज्यू धर्माचं खंडन करणारा एक ग्रंथ काढला, तोही आर्चबिशपनी इस्राएल लोकांना उद्देशून लिहिलेल्या पत्रासकट. या विषयावरचं गोव्यातलं सगळ्यात जुनं छापील साहित्य हे असं आहे.

ओर्ताच्या ग्रंथाची 1563 असं साल असलेली प्रत हाती आली तर लगेच हुरळून जाऊ नये. 1963 मध्ये लिस्बनहून तिची हुबेहूब प्रतिकृती निघाली आहे. पान उजेडासमोर धरावं. जुन्या हातकागदात जाळीच्या समांतर रेघा दिसतात, आणि मागच्या बाजूनं हलकेच बोट फिरवलं तर छपाईच्या खिळ्यांचा दाब जाणवतो. प्रतिकृतीचं पान सपाट लागतं.

मराठी वाचकाच्या खऱ्या उपयोगाची पुस्तकं मात्र वेगळी आहेत. ती आहेत उत्तर कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची. हे लोक घरात मराठी बोलत, मराठी लिहीत. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईत शिळाछापावर निघाली, आणि 1874 मध्ये पुण्यात चित्रांसह. पुण्याच्या प्रतीत बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका आपल्याकडच्यासारख्या जमिनीवर बसल्या आहेत. जोसेफ इझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. 1880 नंतर तर बायबलमधल्या कथांवर कीर्तनं झाली, ओव्या, साक्या, दिंड्या घालून. अशा पुस्तकातलं अर्धं पान देवनागरीत असतं, तरी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ते ‘परदेशी भाषा’ या कपाटात जाऊन पडू शकतं, कारण पहिलं पान हिब्रू दिसतं.

अशा पुस्तकांची नोंद करताना पहिली चूक होते ती सालाची. हिब्रू मुखपृष्ठावर साल बहुधा अक्षरांत असतं, प्रत्येक अक्षराला आकडा असतो: दालेथ 4, वाव 6, लामेद 30, रेश 200, ताव 400. ताव-रेश-लामेद-दालेथ म्हणजे 634. पाच हजारांचा आकडा गाळायची पद्धत आहे (पुरं हिब्रू साल 5634), म्हणून त्यात 1240 मिळवायचे. झाले 1874, पुण्याच्या हग्गादाचं साल. ताव-रेश-वाव म्हणजे 606, अर्थात 1846. पण हिब्रू वर्ष घटस्थापनेच्या आगेमागे, कधी महिनाभर आधीच, बदलतं. त्यामुळे पुस्तक तिश्री या वर्षारंभाच्या महिन्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या काळातलं असेल तर 1239 मिळवावे. कधी साल एखाद्या वचनात लपवलेलं असतं. तिथे फक्त मोठी छापलेली किंवा टिंब दिलेली अक्षरं मोजायची, सगळं वचन मोजलं तर भलताच आकडा येतो. मराठी बाजूला शक दिला असेल तर 78 (जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या काळात 79) मिळवून ताळा करून घ्यावा.

दुसरी चूक बांधणीची. हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं. देवनागरी पुस्तकांची सवय असलेला बाइंडर फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, डावीकडून लावत गेला की प्रत्येक फर्म्याच्या आत क्रम बरोबर राहतो, पण फर्मे उलटे लागतात. मग सूचीकार शेवटचं पान पहिलं धरतो आणि ‘मुखपृष्ठ नाही’ अशी नोंद करतो. तपासायचं कसं? पुष्कळ जुन्या पुस्तकांत पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो, हिब्रूत तो डाव्या कोपऱ्यात असतो. तो जुळत नसेल तर पान गळालेलं आहे किंवा फर्मा चुकलेला आहे. कडेच्या टीपा ‘राशी’ नावाच्या हिब्रू वळणाच्या लिपीत असतील तर त्या अरबी समजू नयेत, ही गफलत हमखास होते. कीर्तनाच्या वह्यांची नोंद करताना पदावर लिहिलेली चाल जरूर उतरवून घ्यावी. नुसतं शीर्षक लिहिलं तर अर्धी माहिती हरवते.

गोव्यात खरा वैरी पावसाळा. जून ते सप्टेंबर आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते आणि 65 च्या वर बुरशी धरते. सगळ्यात वाईट म्हणजे सकाळी दहाला एसी लावून संध्याकाळी पाचला बंद करणं. रात्री दमट हवा आत येते, थंड पुठ्ठ्यांवर ओल धरते. एसी रोज चालू-बंद करण्यापेक्षा आर्द्रता शोषणारं यंत्र चोवीस तास चाललेलं बरं. आर्द्रता 45 ते 55 टक्क्यांत ठेवावी, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, खालचा फळा जमिनीपासून वीतभर वर. बंद पोलादी कपाटात हवा कोंडते, दाराला जाळीची भोकं हवीत.

बुरशी ओल्या फडक्यानं पुसू नये, ती कागदात जिरते. प्रत वेगळी काढून हवेशीर सावलीत सुकवावी आणि मग तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशनं झाडावी. उन्हात पोथ्या घालायची आपली जुनी सवय इथे घातक, शाई उडते. कडुलिंबाचा पाला कागदाला लागला तर डाग पडतो. कसर लागली असेल तर प्रत प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे 20 अंशांवर दोन आठवडे ठेवावी. चर्मपत्राची तोरा-गुंडाळी (ज्यूंच्या धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी) मात्र तज्ज्ञाशिवाय गोठवू नये. तिची अक्षरं कातड्यावर सुटी बसलेली असतात, वाकताना टवके उडतात. म्हणून तिच्यावर बोट फिरवायचं नाही, धर्मातही वाचताना हाताच्या आकाराचा दर्शक वापरतात. साध्या कागदाला स्वच्छ, कोरडे हात पुरतात. हातमोज्यांनी उलट पानाच्या कडा फाटतात. फाटक्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये, जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरावी.

आणि पोर्तुगीज काळातलं चामड्याचं जुनं पुस्तक नव्यानं बांधायला दिलंत तर जुनी बांधणी फेकू देऊ नका. युरोपातले बाइंडर हिब्रू हस्तलिखितांची चर्मपत्रं पाठीच्या अस्तराला आणि पुठ्ठ्यांवर वापरत. देवाचं नाव असलेला कागद टाकायचा नाही, जीर्ण झाला की पुरायचा, असा ज्यूंचा नियम. अशा अस्तरातल्या पट्ट्या त्या पुरण्यातून सुटलेल्या असतात. बोटभर पट्टीवरही अक्षरं दिसली तर ती वेगळ्या पाकिटात घालावी आणि पाकिटावर पेन्सिलीनं मूळ पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहावा.