उजेडात ये बघू

गोष्ट एका केसापासून सुरू झाली. हनुवटीवरचा, पांढरा, चांगला अर्धा पेर लांब. भर दुपारी कल्याण-शीळ रस्त्यावर सिग्नलला गाडी थांबली होती, डोळ्यात काहीतरी गेलं म्हणून मी समोरची झडप खाली केली, तिच्यातल्या आरशात पाहिलं आणि हा दिसला. डोळ्यात काय गेलं होतं ते विसरूनच गेले. हा इथे किती दिवस असेल? गेल्या पंधरवड्यात दोन लग्नं आणि एक साठीशांत झाली होती, सगळीकडे मी हसून हसून फोटो काढून घेतले होते. आणि एकीनंही सांगितलं नाही. (मीही कुणाला सांगत नाही म्हणा.)

घरचा आरसा का बोलला नाही, याचा त्या संध्याकाळी उलगडा झाला. चार बाय सहाची आमची बाथरूम. तिच्यात बेसिन, कमोड, गिझर, दोन बादल्या आणि बिल्डरच्या मते एक माणूस. ट्यूब दारावर, आरसा समोरच्या भिंतीवर. आरशात बघायला उभं राहिलं की उजेड पाठीवर आणि तोंड आपल्याच सावलीत. सतरा वर्षं मी त्या सावलीलाच माझा चेहरा समजत होते. खरं सांगायचं तर बरा होता तो.

ह्यांचं म्हणणं, ट्यूब चांगली आहे की. ह्यांच्या जबड्याखाली रोज दाढीचा एक पट्टा राहतो. तो ह्यांना दिसत नाही आणि मी सांगायचं सोडलंय.

तर आरशावरचा दिवा घ्यायला मी मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत गेले. दुपारी तीनला तिथे जाऊ नये, हातगाड्यांमधून वाट काढता काढता आपण कशाला आलो तेच आठवत नाही. दुकानातल्या पोरानं विचारलं, "आंटी, सिलिंगला पाहिजे का फेसला?" माझ्या तोंडाची इतकी थेट चौकशी बऱ्याच दिवसांत कुणी केली नव्हती. मग त्यानं फळीवरचे तीन दिवे एकामागून एक लावून दाखवले. तीन हजार केल्विन, चार हजार, साडेसहा हजार. पहिल्यात मी हळदीला आलेली पाहुणी दिसत होते, तिसऱ्यात रिपोर्टची वाट बघत बाकावर बसलेली. मधल्यात नुसतीच मी, आणि तेच मला सगळ्यात कमी आवडलं.

कमी आकड्याला वॉर्म म्हणतात आणि जास्त आकड्याला कूल, हे मला आधी उलटंच वाटलं. मग लक्षात आलं की आकडा लोहाराच्या भात्यातला आहे. लोखंड तापवलं की आधी लाल, मग पिवळं, मग पांढरं. म्हणजे आपण ज्याला थंड म्हणतो तोच जास्त तापलेला. लोहार चाळीत उभं राहून हे सुचलं याचा मला उगाच अभिमान वाटला.

खोक्यावर आणखी एक आकडा असतो, सीआरआय नावाचा. कुठल्याचा ८०, कुठल्याचा ९०. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचे ते मार्क. जुना पिवळा तारेचा बल्ब या परीक्षेत जवळजवळ शंभरपैकी शंभर मिळवतो म्हणे! पहिल्या घरातल्या मोरीत आमच्याकडे झिरोचा बल्ब होता, पंधरा वॅट खायचा आणि नाव झिरो. त्याला आम्ही जन्मभर नावं ठेवली.

पण रंगांच्या बाबतीत दिव्यांवर कोण विश्वास ठेवतं? सराफ सोन्यावर पिवळा दिवा सोडतो, हिऱ्यांवर पांढरा. साडीच्या दुकानात मोरपंखी म्हणून घेतलेली साडी घरी निळी निघते. म्हणून तर पूर्वी दुकानदार स्वतःच साडी उचलून फुटपाथपर्यंत यायचा, "ताई, उजेडात बघा." आत चाळीस ट्यूबा चालू असायच्या, तरी उजेड म्हणजे बाहेरचाच.

आजीचंही तेच. चिपळूणजवळच्या आमच्या घरात दिवसातून दहादा ऐकू यायचं, "अगो, उजेडात ये बघू." पायात काटा गेला, उजेडात ये. डोक्यात ऊ आहे का, उजेडात ये. सुईत दोरा, सुपातले खडे, माझी प्रगतिपुस्तकं, सगळं पडवीच्या दारात. न्हाणी मागच्या अंगाला, चुलाणावर हंडा, आणि छपरात एकच काचेचं कौल. त्यातून उन्हाचा एक खांब खाली यायचा आणि त्यात वाफ फिरत राहायची. आरसा तिथे नव्हताच. आंघोळ न्हाणीत करायची आणि तोंड बघायचं ते बाहेर येऊन, ही दोन वेगळी कामं होती. अजून मी दिवा न लावताच आंघोळ करते, गिझरच्या लाल ठिपक्यावर. ह्यांना ते विचित्र वाटतं. बाहेरून बटण दाबून देतात आणि मी आतून ओरडते.

व्हॅनिटी म्हणून दुकानात आता जे विकतात, ते आजीकडे होतं. तिची फणेरपेटी. झाकण उघडलं की आतला आरसा तिरका उभा राहायचा, पुढे फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. सकाळी ती पेटी उचलून उंबऱ्याशी यायची. ऊन सरकलं की पेटी सरकायची, पावसाळ्यात अगदी पागोळ्यांच्या काठाशी. मेणावर बोट फिरवून कपाळावर गोल टेकवायची, वर कुंकू, आणि करंगळीनं कड साफ. आजोबा गेले तेव्हा मी नववीत होते. त्यानंतर पेटी दारात आली नाही. केस ती माजघरात विंचरायची, भिंतीकडे तोंड करून.

दिव्याचं राहिलंच. दिवे आरशाच्या दोन्ही बाजूंना, तोंडाच्या उंचीवर असावेत, असं त्या पोरानं सांगितलं. वरून उजेड आला की डोळ्यांखाली दोन वाट्या आणि नाकाखाली मिशी उमटते. आमच्या आरशाच्या एका बाजूला लगेच कोपरा, दुसऱ्या बाजूला गिझरचा पाइप. तेव्हा वरच. निदान लांब घ्या, म्हणाला, बारा इंचीपेक्षा अठरा इंची, दुधी झाकणाचा, म्हणजे सावली मऊ पडते. पाणी उडतं म्हणून आयपी ४४ लिहिलेला. हात लावला की पेटणारे, मागून उजळणारे, वाफ पुसणारे आरसेही होते. त्यांची किंमत ऐकून मी केस ठेवायला तयार झाले.

इलेक्ट्रिशियन गुरुवारी येतो म्हणाला आणि तिसऱ्या गुरुवारी आला. चार हजार केल्विनवाला दिवा लागला. ह्यांनी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं आणि विचारलं, "या टाइल्स इतक्या काळ्या कधी झाल्या?" पुढचा रविवार मी ब्रश घेऊन सांध्यांवर घालवला. हनुवटीचं म्हणाल तर अजून मी चिमटा आणि हातातला आरसा घेऊन गॅलरीतच जाते. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांना काय वाटत असेल ते वाटो.

त्या रविवारी आवराआवर करताना माळ्यावरून फणेरपेटीही काढली. घर विकलं तेव्हा मी तेवढीच मागून घेतली होती आणि उघडली कधीच नव्हती. आरशाचा पारा कडांनी उडालाय. करंड्यातलं कुंकू दगड झालंय. मेणाच्या डबीचं झाकण जरा जोर लावल्यावर निघालं. मेणात मधोमध काहीतरी खोलगट होतं. खोलीत नीट दिसेना, म्हणून गॅलरीत उजेडात नेऊन पाहिलं. बोटाचा खळगा होता.